बसून राहण्याचा पगार

आपत्कालीन फोन सेवेवर सरकारने किती पैसा घालावा, हा विषय निघाला की एक मत हटकून ऐकू येते. 108 काय नि 112 काय, तिथे येणारे बहुतेक फोन फालतू असतात. कुणाचा खिशातल्या खिशात लागलेला, कुणाच्या पोराने खेळताना लावलेला, कुणी रिचार्ज संपला म्हणून फुकटचा नंबर फिरवून पाहिलेला. असले फोन उचलायला तीन पाळ्यांत माणसे बसवायची, त्यांना वातानुकूलित कक्ष द्यायचा, आणि निम्मा वेळ ती बसून पगार घेणार! त्यापेक्षा तेवढ्या पैशांत गाड्या घ्या. ज्याला सेवा लागते त्याच्याकडून थोडेफार शुल्क घ्या. कंपन्यांच्या सीएसआरमधून चालवा. नाहीतरी आता सगळेच ॲपवर आले आहे. सरकारने काय काय म्हणून पोसायचे?

हे मत मांडणारे सगळेच बेफिकीर नसतात, आणि पूर्वपक्ष मुद्दाम लुळा करून मांडायचा नि मग त्याला चीत करायचे, यात काही पुरुषार्थ नाही. तेव्हा त्याचे बळ आधी मान्य करू. तिजोरीतला रुपया एकदाच खर्च होतो. जो नियंत्रण कक्षाकडे गेला तो ग्रामीण रुग्णालयातल्या सर्पदंशावरच्या इंजेक्शनांकडे गेला नाही. दुसरे असे की, या सेवा बहुतेक राज्यांत ठेकेदारांमार्फत चालतात आणि जिवाचा प्रश्न म्हटला की बिलावर बोट ठेवायला कुणी धजत नाही. तिसरे, फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही, हा आपला रोजचा अनुभव. तिन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. पण त्यांतून काढलेला निष्कर्ष चुकतो, कारण ही सेवा नेमके काय विकत घेते हेच पूर्वपक्षाने पाहिलेले नाही. त्याच्या लेखी सरकार फोन आणि फेऱ्या विकत घेते. प्रत्यक्षात सरकार तयारी विकत घेते, आणि तयारीचा हिशेब फेऱ्यांच्या वहीत मांडला की तो दर वेळी तोट्यातच दिसणार.

फालतू फोनांचा आक्षेप सर्वांत लोकप्रिय, म्हणून तो आधी घेऊ. तो या सेवेइतकाच जुना आहे. 1935 च्या नोव्हेंबरात लंडनच्या विंपोल स्ट्रीटवर एका डॉक्टरच्या घराला आग लागली आणि पाच स्त्रिया मरण पावल्या. समोर राहणाऱ्या शेजाऱ्याने अग्निशमन दलासाठी फोन उचलला होता. त्या काळी आधी एक्स्चेंजच्या ऑपरेटरने उत्तर द्यावे लागे, आणि तिच्या पुढ्यात आगीचा फोन आणि कुणाच्या गप्पांचा फोन यांत फरक करणारे काहीच नसे. शेजारी रांगेत अडकला. त्याने 'टाइम्स'ला पत्र लिहिले, चौकशी समिती बसली, आणि 30 जून 1937 रोजी लंडनमध्ये 999 हा क्रमांक सुरू झाला. तो फिरवला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागे आणि भोंगा वाजे. लंडनकडे बंब होते, जवानही होते. फोनच्या गर्दीत आणीबाणीला वेगळी वाट तेवढी नव्हती, आणि ती वाट काढायला दिवा, भोंगा आणि तो पाहणारी माणसे यांवर सरकारी पैसा खर्च करावा लागला. पहिल्याच आठवड्यात हजारावर फोन आले. त्यांत थट्टेचेही होते. म्हणून कुणी 999 बंद केला नाही.

आपल्याकडच्या चुकून लागणाऱ्या फोनांबद्दल बोलताना तर एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. दिल्लीतल्या डिसेंबर 2012 च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर निर्भया निधी उभा राहिला, त्यातून पुढे 112 ची योजना आली, आणि 2016 साली केंद्र सरकारने नियमच केला की देशात विकल्या जाणाऱ्या मोबाइलला पॅनिक बटण हवे. साध्या फोनवर 5 किंवा 9 चे बटण दाबून धरले, स्मार्टफोनवर पॉवरचे बटण लागोपाठ तीनदा दाबले, की फोन जातो. आता बटणांचा फोन धोतराच्या सोग्यात, पदराच्या गाठीत, बाजाराच्या पिशवीत असतो. तिथे 5 चे बटण दाबले जाणार नाही तर काय होणार? हे फोन लोकांच्या बेशिस्तीतून आलेले नाहीत. संकटातल्या बाईला बोलता आले नाही तरी तिचा फोन जावा, म्हणून आपण जाणूनबुजून चाळणीची भोके मोठी ठेवली. त्यातून कोंडा येणारच, हे तेव्हाच ठाऊक होते. तो निवडायला माणसे बसवणे ही त्या निर्णयाचीच उरलेली अर्धी किंमत आहे. पहिली अर्धी भरून दुसरीला उधळपट्टी म्हणणे बरोबर नाही.

शिवाय फोन फालतू आहे, हे तो उचलल्यावरच कळते. ब्रिटनमध्ये मोबाइलवरून 999 लावून गप्प राहिलेल्या माणसाला 55 दाबायला सांगतात. दाबले तर फोन पोलिसांकडे जातो, कारण पलीकडे नवरा किंवा चोर उभा असल्यामुळे बोलता न येणारी माणसे असतात. गप्प फोन सरसकट कापायचे ठरवले तर पहिला बळी याच माणसांचा जाईल.

आता मुख्य मुद्दा. 'निम्मा वेळ बसून असतात' हे वाक्य मला महत्त्वाचे वाटते, कारण त्यात वस्तुस्थिती बरोबर आहे आणि अर्थ उलटा लावला आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत ए. के. अर्लांग नावाचा गणिती होता. फोनच्या रांगा कशा लागतात, यावर त्याने 1909 साली पहिला निबंध लिहिला आणि 1917 साली ती सूत्रे दिली जी आजही कॉल सेंटरची माणसे ठरवताना वापरतात. त्याच्या सूत्राने एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा, एका कक्षात तासाला 200 फोन येतात आणि प्रत्येक फोन सरासरी 3 मिनिटे चालतो. म्हणजे तासाला 600 मिनिटांचे काम, 10 माणसांचे. लेखापरीक्षक 10 माणसे मंजूर करील आणि स्वतःला काटकसरी समजेल. पण फोन काही टांगलेल्या घड्याळाप्रमाणे ठराविक अंतराने येत नाहीत. एका मिनिटात आठ येतात, पुढच्यात एकही येत नाही. 10 माणसांवर रांग वाढतच जाते, ती कधी संपत नाही. 11 माणसे बसवली तर दर शंभरांतले 68 फोन ताटकळतात आणि सर्व फोनांची मिळून सरासरी प्रतीक्षा दोन मिनिटांच्या घरात जाते. 14 माणसे बसवली की ताटकळणारे फोन 17 टक्क्यांवर येतात आणि सरासरी प्रतीक्षा आठ सेकंदांच्या आत.

फक्त तीन माणसांनी दोन मिनिटांची आठ सेकंदे केली! पण त्याच वेळी काय झाले पाहा. 11 माणसे असताना प्रत्येक जण तासातली जेमतेम साडेपाच मिनिटे मोकळा होता. 14 असताना 17 मिनिटे मोकळा आहे. कक्षाला भेट देणाऱ्या पाहुण्याला ही 17 मिनिटेच दिसतात. कुणी पाणी पीत असते, कुणी शेजारणीशी बोलत असते. पाहुणा मनात म्हणतो, इथे माणसे जास्त झाली. त्याला न दिसणारी गोष्ट ही, की ती मोकळी मिनिटे हाच या कक्षाचा माल आहे. सगळे हात सतत गुंतलेले असतील तर पुढचा फोन वाजतच राहणार, आणि तो कुणाचा असेल ते कुणालाच ठाऊक नसते. आणि हा हिशेब सुटे सुटे फोन येतील असे धरून केला आहे. द्रुतगती मार्गावर एक बस उलटली की तिच्यासाठी एकाच मिनिटात वीस-पंचवीस जण फोन लावतात. त्या मिनिटात 14 माणसेही पुरत नाहीत, आणि नेमके त्याच वेळी दूर कुठेतरी कुणाला तरी हृदयविकाराचा झटका आलेला असतो.

जुन्या गावगाड्याला एवढे कळत होते. रात्री राखण करणाऱ्या रामोशाला चोरी झाली त्याच रात्रीचे धान्य द्यायचे, असे कोणत्या गावाने म्हटल्याचे ऐकिवात नाही. त्या व्यवस्थेत जातीची कैद होती, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण चोरी न झालेल्या रात्रींचे वेतन द्यावे लागते, हे व्यवहारज्ञान तिच्यात होते आणि आमच्या निविदांत ते क्वचित दिसते.

'त्यापेक्षा गाड्या घ्या' म्हणणाऱ्यांना फोन उचलणारा माणूस निरोप्या वाटतो. फोन आला, गाडी पाठवली, संपले. प्रत्यक्ष फोन ऐकला तर हा समज टिकत नाही. रात्री सव्वादोनला एक बाई फोन करते: सासरे पडलेत, लवकर गाडी पाठवा. पहिला प्रश्न नेहमी ठिकाणाचा, कारण फोन तुटला तर निदान गाडी निघालेली असावी. "ताई, कुठून बोलताय?" "पिंपळगावहून." आता महाराष्ट्रात पिंपळगावे किती, हे पोस्टखात्यालाच विचारावे. कुठले पिंपळगाव, तालुका कोणता, गावात की वस्तीवर, वस्तीकडे वळायची खूण कोणती, मारुतीचे देऊळ की दूध डेअरी. मग: "शुद्धीवर आहेत का? हाक मारल्यावर डोळे उघडतात का? श्वास नीट चाललाय का?" बाई म्हणते, "हो, घोरल्यासारखा येतोय." इथे अडाणी माणूस फसतो. हृदय बंद पडल्यानंतरही काही मिनिटे असा घोरल्यासारखा, अडखळत श्वास येऊ शकतो. तो श्वास धरायचा नसतो. शिकलेला माणूस हे ओळखतो आणि लगेच म्हणतो, "त्यांना जमिनीवर पाठीवर झोपवा. छातीच्या मधोमध तळहात ठेवा, त्यावर दुसरा. जोरात दाबा, छाती दोन इंच खाली गेली पाहिजे. मी मोजतो तसे दाबा. एक, दोन, तीन..." मिनिटाला 100 ते 120 वेळा, गाडी दारात येईपर्यंत.

हृदय बंद पडल्यावर छाती दाबली नाही तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते, असे वैद्यकशास्त्र सांगते. गाडी कितीही वेगाने धावली तरी पिंपळगावच्या वस्तीवर पाच मिनिटांत पोचत नाही. त्या पाच-पंधरा मिनिटांतला उपचार फोनवरचा माणूसच करतो, दुसऱ्याच्या हातांनी. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीने 1980 च्या दशकात हे फोनवरून शिकवणे नेमाने सुरू केले, आणि हृदय बंद पडूनही वाचणाऱ्यांसाठी तो परगणा आजवर नावाजला जातो. तिथे रुग्णवाहिका काही उडत नाहीत. असा माणूस तयार करायला प्रशिक्षण लागते, त्याने घेतलेल्या फोनांची ध्वनिमुद्रणे ऐकून चुका दाखवणारा वैद्यकीय अधिकारी लागतो, आणि तीन महिन्यांनी तो दुसऱ्या कॉल सेंटरला विमा विकायला जाऊ नये इतका पगार लागतो. या तिन्हींसाठी फीत कापता येत नाही. आमच्याकडे गाड्यांचे लोकार्पण होते, पुढाऱ्यांच्या हातात झेंडी असते, छायाचित्र छापून येते. फोन उचलणाऱ्यांच्या पगारवाढीचे लोकार्पण झालेले कुणी पाहिले आहे? गाड्यांकडे पैसा वळतो त्यात या झेंडीचा वाटा मोठा आहे, असा माझा जुना संशय आहे.

शुल्काचा मुद्दा घेऊ. 'ज्याला लागते त्याने भरावे' हे तत्त्व मुंबईतच आजमावून झालेले आहे, आणि ते आजमावणारे लोक सचोटीचे होते. 2005 साली मुंबईत 1298 या क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. चालवणाऱ्या संस्थेने कल्पक दर लावले होते: रुग्ण खासगी रुग्णालयात निघाला तर पूर्ण भाडे, सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात निघाला तर सवलत. कुणाची ऐपत किती, हे विचारण्याऐवजी तो कुठे निघाला यावरून ताडायचे. परदेशी गुंतवणूक आली, कौतुक झाले. पुढे तीच संस्था राज्याराज्यांतल्या 108 च्या सरकारी ठेक्यांकडे वळली. दोष तिचा नाही. श्रीमंतांच्या भाड्यावर गरिबांच्या फेऱ्या चालतात त्या मलबार हिल आणि परळ एकाच शहरात असतात तिथे. मेळघाटात पूर्ण भाडे देणारा कुणाला शोधणार?

शुल्काचे तर्कशास्त्र शेवटपर्यंत नेले की काय होते तेही एकदा जगाने पाहिले आहे. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या ओबायन काउंटीत शहराबाहेरच्या घरांना साउथ फुल्टन गावाची अग्निशमन सेवा हवी असेल तर वर्षाला 75 डॉलर भरावे लागत. 2010 च्या सप्टेंबरात एका घराला आग लागली. मालकाने पैसे भरलेले नव्हते. त्याने फोन केला, आता काय लागतील ते देतो म्हणाला. बंब आले नाहीत. आग शेजाऱ्याच्या शेतापर्यंत गेली तेव्हा आले, कारण शेजाऱ्याने पैसे भरले होते. जवानांनी शेत विझवले आणि घर जळू दिले. नियमाप्रमाणे सगळे बरोबर होते! फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही म्हणणाऱ्यांनी ही दुसरी बाजूही तोलावी: फोन करण्याआधी माणसाला खिसा चाचपावा लागला, तर तो फोन उशिरा करतो. आपल्याकडे बाळंतिणीचा फोन उशिरा जातो तो बहुधा याच हिशेबापायी. 2011 पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात तिची ने-आण मोफत केली, ती उगाच नव्हे.

सीएसआर आणि दानशूर उद्योगपतींबद्दल तर 108 चा इतिहासच बोलतो. ही सेवा 15 ऑगस्ट 2005 ला हैदराबादेत सुरू झाली ती सत्यम कंपनीच्या रामलिंग राजू यांच्या पुढाकाराने. तंत्रज्ञान उत्तम होते, हेतूबद्दल शंका घेण्याचे तेव्हा कुणाला कारण नव्हते. 7 जानेवारी 2009 रोजी राजूंनी कंपनीच्या हिशेबातल्या अफरातफरीचे कबुलीपत्र लिहिले आणि देशाच्या उद्योगजगताला हादरा बसला. 108 च्या गाड्या मात्र दुसऱ्या दिवशीही धावल्या. का? तोवर आंध्रातला चालवण्याचा जवळजवळ सगळा खर्च राज्य सरकार उचलत होते, म्हणून. डिझेल आणि पगार दात्याच्या खिशावर अवलंबून असते तर त्या आठवड्यात किती फोन नुसते वाजत राहिले असते! पुढे जीव्हीके समूहाने 108 चालवणारी संस्था हाती घेतली. दाता बदलला आणि सेवा टिकली, यातच कुणाचा पैसा खरा आधार होता ते कळते. दात्याने सुरुवात करावी, प्रयोग करावा, गाड्या द्याव्यात. त्याबद्दल त्याचे ऋण मानावे. पण रोज रात्री सव्वादोन वाजता फोन उचलणे हा दानाचा विषय होऊ शकत नाही.

ॲपवाल्यांसाठी फार शाई खर्च करत नाही. 2025 च्या जानेवारीत ब्लिंकिटने गुरुग्राममध्ये दहा मिनिटांत येणारी रुग्णवाहिका सुरू केली, पाच गाड्यांनिशी. चांगली गोष्ट आहे. ती गुरुग्राममध्ये सुरू झाली, अक्कलकुव्यात नाही, एवढीच नोंद पुरे. नंदुरबार जिल्ह्यात नर्मदेकाठच्या पाड्यांना दवाखाना होडीतून गाठावा लागतो आणि मोबाइलला रेंज यावी म्हणून टेकडी चढावी लागते. तिथे ॲप कोण उघडणार?

एक मधला मार्ग जाणकार सुचवतात: सर्वसाधारण अंदाजपत्रकात हात घालू नका, फोनच्या बिलावर छोटा उपकर लावा आणि तो याच सेवेला राखून ठेवा. ऐकायला हे निर्दोष वाटते. अमेरिकेतली 911 सेवा बऱ्याच अंशी अशाच आकारणीवर चालते. न्यू जर्सीत प्रत्येक फोनमागे महिना 90 सेंट घेतले जातात. त्यातला मोठा भाग राज्याने वर्षानुवर्षे दुसऱ्याच खर्चाकडे वळवला. हा प्रकार इतका बोकाळला की 2008 साली अमेरिकी काँग्रेसने कायदा करून कोणती राज्ये हा पैसा पळवतात याचा वार्षिक अहवाल मागायला सुरुवात केली, आणि न्यू जर्सी, न्यूयॉर्क, ऱ्होड आयलंड ही नावे त्यात वारंवार आली. लाजेचा परिणाम मर्यादित झाला. पैसा राखून ठेवला म्हणजे तो त्याच कामाला लागतोच असे नाही. त्याच्या पाठीमागे कर्तव्य लिहिलेले असावे लागते.

ते कर्तव्य आपल्याकडे लिहिलेले आहे. 1992 च्या जुलैत पश्चिम बंगालमधल्या मथुरापूर स्टेशनवर एक शेतमजूर गाडीतून पडला. डोक्याला गंभीर मार लागला. जवळच्या आरोग्य केंद्रात सोय नव्हती. तिथून कोलकात्यातली मोठमोठी सरकारी रुग्णालये, एकामागून एक. कुठे खाट नाही, कुठे तज्ज्ञ नाही, कुठे यंत्र नाही. शेवटी खासगी रुग्णालयात सुमारे 17 हजार रुपये मोजून तो जगला. त्याच्या आणि पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 1996 रोजी निकाल दिला: वेळेवर उपचार न मिळणे हा राज्यघटनेच्या 21 व्या अनुच्छेदाचा भंग आहे. भरपाई 25 हजारांची मिळाली, पण निकालाचा खरा ऐवज पुढे आहे. न्यायालयाने सांगितले की, कुठल्या रुग्णालयात खाट मोकळी आहे हे तत्काळ कळावे म्हणून राज्यपातळीवर मध्यवर्ती संपर्कयंत्रणा असावी आणि रुग्णवाहिकांची नीट व्यवस्था असावी. पैसा नाही ही सबब घटनात्मक कर्तव्यापुढे चालणार नाही, हेही त्यात आहे. त्या मजुराला त्या रात्री वाहन मिळत होते; तो एका दारातून दुसऱ्या दारी नेलाच जात होता. कुठल्या दारी जायचे हे सांगणारा कुणी नव्हता. आपत्कालीन फोन कक्ष म्हणजे नेमका तो सांगणारा माणूस. पोलीस आणि सार्वजनिक आरोग्य हे दोन्ही विषय राज्यसूचीत आहेत, तेव्हा हे कर्तव्य कुणाचे हा वाद उरत नाही. केंद्राने राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून 108 च्या चालू खर्चाला हात दिला तोही पहिल्या वर्षी 60 टक्के, दुसऱ्या वर्षी 40 आणि पुढे 20 असा उतरता. धावायला लागेपर्यंत दिलेला तो आधार होता. पुढचे अंतर राज्यानेच कापायचे, हे त्या उतरत्या आकड्यांतच लिहिले होते.

ठेकेदारीबद्दलचा आक्षेप मी मघाशी मान्य केला, तो इथे पुन्हा विचारात घेतो, कारण तो खरा आहे आणि चुकीच्या औषधाने तो बळावतो. उधळपट्टी रोखायची म्हणून पुष्कळ जण फेरीमागे पैसे द्या म्हणतात. फेरीमागे पैसे दिले की फेऱ्या वाढतात. ताप-खोकल्याच्या रुग्णाला सोडून येणे फायद्याचे ठरते, आणि अपघाताची वाट पाहत घाटाच्या तोंडाशी उभी राहिलेली गाडी तोट्याची. फोन कक्षाला फोनमागे पैसे दिले तर फोन लवकर संपवणारा माणूस चांगला ठरतो. पिंपळगावच्या बाईबरोबर पंधरा मिनिटे मोजत बसणारा वाईट. तयारीचे पैसे तयारीवरच मोजावेत. दहांतले किती फोन पंधरा सेकंदांत उचलले? अमेरिकेत 911 च्या व्यावसायिक संघटनेचा दंडक दहांतल्या नऊंचा आहे. किती फोन उत्तर मिळण्याआधी तुटले? तुटलेल्यांना उलट फोन केला का? घड्याळ कुठून सुरू केले, पहिल्या घंटीपासून की गाडीला निरोप गेल्यापासून? हा शेवटचा प्रश्न खोचक वाटेल. पण निरोपापासून मोजले की रांगेत गेलेली मिनिटे कागदावरून नाहीशी होतात, आणि गाडी 'वेळेत' पोचते.

महाराष्ट्रात 108 ची सेवा 26 जानेवारी 2014 ला सुरू झाली. 937 गाड्या, त्यांतल्या 233 प्रगत जीवरक्षक सामग्रीच्या, प्रत्येक गाडीत डॉक्टर, आणि पुण्यात औंधला नियंत्रण कक्ष. गाडीत डॉक्टर देण्याचा निर्णय इतर राज्यांपुढचा होता. हे आकडे आपल्याला पाठ असतात कारण ते गाड्यांचे आहेत. एका वेळी फोनवर किती माणसे बसतात, रात्रीच्या पाळीत किती, त्यांतली दोन वर्षांहून जुनी किती, हे आकडे विधानसभेत कुणी विचारल्याचे ऐकिवात नाही. लेखापरीक्षकाने कक्षातली माणसे किती वेळ मोकळी असतात ते जरूर विचारावे. फक्त उत्तर फार कमी आले तर आक्षेप घ्यावा.

आणि सीमेवरची गोष्ट राहिलीच. दोडामार्ग, सावंतवाडीकडचा गंभीर रुग्ण सिंधुदुर्गातून बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात जातो, हे तिथे सगळ्यांना माहीत आहे. सीमेलगत मोबाइल कधी या राज्याचा टॉवर पकडतो, कधी त्या. फोन टॉवरप्रमाणे वळतो, आणि पलीकडच्या कक्षातल्या माणसाला वाडीचे नाव परके असते. अशा फोनची जोडणी दोन कक्षांत थेट व्हायला हवी, आणि त्यासाठी दोन सरकारांनी करार करून पैसा ठेवायला हवा. कुठलाही ठेकेदार हे आपणहून करणार नाही, कारण पलीकडच्या राज्यातला रुग्ण त्याच्या बिलात बसत नाही. अशीच दुसरी न दिसणारी मालमत्ता म्हणजे वाड्या-वस्त्यांच्या खुणांची यादी. कोणत्या पिंपळगावला कोणत्या फाट्याने वळायचे, पावसाळ्यात कोणता ओढा अडवतो, हे फोन उचलणारी माणसे वर्षानुवर्षे टिपत जातात. ठेका बदलला की जुना ठेकेदार आपली संगणकप्रणाली उचलून नेतो आणि ही यादीही तिच्याबरोबर जाऊ शकते. यादी, ध्वनिमुद्रणे आणि प्रशिक्षित माणसांना पुढच्या ठेक्यात सामावून घेण्याची हमी राज्याच्या मालकीची असावी, हे कलम निविदेत घालायला वेगळा पैसाही लागत नाही. जुन्या ठेक्याची मुदत संपायच्या आत ते लिहून व्हायला हवे.